अंगावरची बाटली

सर सडलेलं संत्रं उचलायचे तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखून धरायचा, असा नियम होता. पंखा बंद, खिडकी बंद, ओढणी नीट खोचलेली. ओल्या फडक्यात ते फळ गुंडाळून, दोन्ही हात छातीपासून लांब धरून सर पावलांचा आवाज न करता परसात जात. दारात पोस्टमन उभा असला तर त्यानेही जागच्या जागी थांबायचं. “हलू नका, तो उठेल,” असं सर पुटपुटत. तो म्हणजे बुरशी. संत्र्यावर आधी ओला मऊ डाग पडतो, मग पांढरी लव येते आणि मग हिरवी भुकटी. ती भुकटी एकदा उडाली की खोलीतल्या प्रत्येक फळावर जाऊन बसते. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. चौथ्या दिवशी मीही श्वास रोखायला लागले, आणि महिन्याभरात घरी आईने लिंबाची टोपली काढली तरी मी दोन पावलं मागे सरायला लागले.

मी मुळातच भित्री. आमचं घराणं पवारांच्या दरबाराबरोबर देवासला आलेलं. पूर्वज म्हणे घोड्यावर बसून आले. त्यांचं शौर्य वाटेतच कुठेतरी सांडलं असावं. आई म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि हिच्यापाठी तर तो पगारावर ठेवलाय. बी.एस्सी. झाल्यावर मला दुसरी नोकरी मिळेना, म्हणून मी सरांच्या प्रयोगशाळेत लागले. प्रयोगशाळा म्हणजे कारखान्यांच्या बाजूच्या कॉलनीत त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या.

सर महाराष्ट्रातून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेले. ती नोकरी त्यांनी मधेच सोडली होती. पोटापुरतं शेतकऱ्यांची माती आणि विहिरींचं पाणी तपासून द्यायचे, आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जवळजवळ सगळ्याच वेळात, फळांच्या सालीवरचं यीस्ट गोळा करायचे. पाव फुगवणारं यीस्ट ठाऊक असतं सगळ्यांना. तसंच रानटी यीस्ट प्रत्येक फळाच्या सालीवर राहतं, आणि ते तिथे आहे म्हणून फळ टिकतं, असं सरांचं म्हणणं. तोडणीनंतर फळ पेटीत जातं, सालीला कुठेतरी खरचटतं, आणि त्या जखमेतून बुरशी आत शिरते. पण त्या जखमेवर आधीच यीस्ट जाऊन बसलं, तर तिथला गोडवा तेच खाऊन टाकतं आणि बुरशी उपाशी मरते.

हे ते शेतकऱ्यांना बसच्या भाषेत सांगत, बुरशीला त्यांच्यासारखं फफूंद म्हणून. “इंदूरच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून सीट धरता ना? तेच. यीस्टने रुमाल टाकला की फफूंद उभी राहील, आणि पुढच्या स्टॉपला उतरेल.” शेतकऱ्यांना बस कळायची, यीस्ट, म्हणजे त्यांचं खमीर, कळत नसे. बागलीकडचे एक बागाईतदार होते, आम्ही त्यांना पटेल म्हणायचो. ते डोक्यावरचा गमछा काढून म्हणायचे, “भिया, बस की बात तो समझ में आ गी. पण ये खमीर को पानी छांटने से म्हारा संतरा बचेगा, या म्हारी समझ में नी आवे.”

फळ धुतलेलं सरांना खपत नसे. कुणी पेरू धोतराला पुसून खाल्ला तरी ते घायकुतीला येत. बशीत जरा चोळून धुतलेलं आणि न धुतलेलं अशी दोन फळं ठेवून ते पाहुण्यांना सांगत, “बघा हां, कोण आधी सडतंय ते.” पाहुणे बिचारे चहाला आलेले असत. बहुतेक वेळा धुतलेलं आधी सडे आणि सरांचा चेहरा आठवडाभर उजळलेला राही.

यीस्टबद्दल बोलताना ते बायकांबद्दल बोलावं तसं बोलत, आणि आदराने. ज्या गावच्या फळावरून आणलं त्या गावचं नाव. तिरलावाली सीताफळावरची, जरा संथ. बागलीवाली भरभर वाढायची, पण थंडीत मान टाकायची. “ह्या बाई फार मानी आहेत,” असं म्हणून ते काचेच्या बशीचं झाकण हळूच लावत. बुरशीला मात्र नाव नव्हतं. ती नुसता ‘तो’.

आणि सगळ्यांत लाडकी निसरपूरवाली.

ती कशी आणली ते सांगायला हवं. निसरपूर धार जिल्ह्यात, नर्मदेच्या बाजूला. धरणाचं पाणी आज ना उद्या चढणार, गाव बुडणार, असं तेव्हा सगळे म्हणत. सर म्हणाले, माणसांना सरकार कुठेतरी हलवेल, झाडांच्या सालीवरच्यांना कोण हलवणार? म्हणून आम्ही एसटीने गेलो, म्हणजे तिकडची खाजगी बस, पण आमच्या घरी सगळ्या बसना एसटीच म्हणतात. त्या गावात मला विलक्षण भीती वाटली. दिसायला सगळं नेहमीचं होतं. दुकानं उघडी, म्हशी बसलेल्या, अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. पण बोलता बोलता माणूस हाताने भिंतीवर दाखवायचा, इथपर्यंत येईल म्हणतात, आणि तो हात त्याच्या डोक्याच्या वर असायचा. एका म्हातारीच्या अंगणात लिंबाचं झाड होतं. सरांनी एक लिंबू मागितलं तर तिने ओंजळभर दिली. म्हणाली, “ले जाओ बेटा. झाड तो नी जाएगो म्हारे साथ.” सरांनी ती लिंबं उकळून वाळवलेल्या फडक्यात बांधली आणि येताना पाच तास मांडीवर धरून बसले. मला धरायला दिली नाहीत.

त्या लिंबाच्या सालीवरून निघाली निसरपूरवाली. मलईसारख्या रंगाची, पावासारख्या वासाची. संत्र्याच्या जखमेवर ती लावली की हिरवा डाग पडायचाच नाही. सरांनी तीन वेळा करून बघितलं आणि तिसऱ्या वेळी खुर्चीत बसून रडले.

पण कुठलीही बाई फळावर फवारायच्या आधी एका परीक्षेतून जायची. यीस्टच्या नात्यात काही जाती माणसाच्या अंगात शिरून आजार करणाऱ्या आहेत. एरवी धडधाकट माणसाला काही होत नाही, पण अशक्त माणसाच्या रक्तात त्या शिरल्या तर जिवावर बेततं. सरांचा नियम होता, जी माणसाच्या अंगाच्या उबेला वाढते ती आपली नाही. कितीही गुणी असो, उकळत्या पाण्यात टाकायची. “फळावर राहणारीने फळावर राहावं. माणसात राहायची हौस असेल तर आमच्याकडे नको.” यासाठी बाटलीतल्या खाद्यावर यीस्टची एक रेघ ओढायची आणि ती बाटली तीन दिवस अंगाच्या उबेइतक्या तापमानात ठेवायची. काही उगवलं नाही तर बाई पास.

आमच्याकडे त्यासाठी पेटी होती, विजेवर चालणारी. पण ती वर्षं मध्य प्रदेशात विजेच्या नावाने बोंब असण्याची होती. वीज यायची थोडी, जायची फार. पेटी गार पडायची आणि परीक्षा फुकट जायची. दुसऱ्या कुणी जनरेटर आणला असता. सरांनी काकूंकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, कापडाची एक पिशवी शिवून घेतली, मनगटाएवढी, वर नाडी. तिच्यात इंजेक्शनच्या औषधाची छोटी बाटली बसायची. ती गळ्यात घालून बनियनच्या आत, पोटाला चिकटून बाळगायची. “अंगाची ऊब पाहिजे ना? मग अंग आहे की आपल्याकडे. वीज मंडळाचं थोडंच आहे ते.”

तीन दिवस ते ती पिशवी काढत नसत. आंघोळ फक्त पायांची. एका लग्नात काकूंच्या भावाने कडकडून मिठी मारली तर सर “बाई आहेत, बाई आहेत” म्हणून ओरडले आणि अख्खा मांडव मान वळवून बघायला लागला. बसमध्ये एकाने नाडी बघून विचारलं, “कौन से बाबा का ताबीज है भिया?” सर म्हणाले, “फफूंद वाले बाबा का.” तो माणूस पुढचे दोन स्टॉप हात जोडून बसला होता.

आणि रोज संध्याकाळी कुलूप लावताना किल्ली हातात धरून ते मला एक प्रश्न विचारत. “आज काही सांगायचं राहिलं?” रोज. मी म्हणे, नाही सर. बशी फुटली असेल, लेबल चुकलं असेल, तर त्या वेळी सांगायचं, त्यावर ते रागावत नसत. एकदा मी विचारलं, सर, हे रोज का विचारता. ते म्हणाले, “कारखान्यात एकदा माझं सांगायचं राहिलं होतं.” आणि कुलूप ओढून बघितलं. पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

निसरपूरवालीची परीक्षा भाद्रपदात आली. सरांनी पिशवी गळ्यात घातली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना ताप भरला. अंथरुणावर बसून त्यांनी पिशवी काढली आणि मला बोलावलं. “माझं अंग सध्या खोटं बोलतंय,” ते म्हणाले. “एकशे दोन ताप आहे. ह्या तापात तर कुणीच वाढणार नाही. परीक्षा नव्याने. आता तू.” त्यांनी स्वतः नवी बाटली भरून दिली. “तीन दिवस. काढायची नाही. काढलीस तर येऊन सांगायचं, आपण पुन्हा करू. काढण्यात पाप नाही.”

मी ती पिशवी कुर्त्याच्या आत घातली. काच पोटाला लागली की अंगावर काटा यायचा. काही पाझरलं तर? झोपेत फुटली तर? पाठीवर सरळ, प्रेतासारखी झोपायची मी. आणि दुसरा दिवस उजाडला तो महालक्ष्म्यांचा.

आमच्याकडे अजून जुन्या वळणाचं सोवळं आहे. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक म्हणजे पहाटे आंघोळ, रात्रीच वाळत घातलेलं सोवळं, आणि ते नेसल्यावर अंगावर बाहेरचा दोरा म्हणून चालत नाही. केसांची पिनसुद्धा आई काढायला लावते. पहाटे न्हाणीघरात मी पिशवी हातात धरून उभी राहिले. बाहेरून आई हाक मारत होती, “अगं, पुरण वाटायचं राहिलंय.” आईला काय सांगणार होते मी? की महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला पोटाशी यीस्ट बांधून बसणार आहे? मी पिशवी माझ्या रोजच्या कपड्यांबरोबर न्हाणीघरातल्या खुंटीवर टांगली. तासाभरात येऊन घालू, असं स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी मेहूण म्हणून आईने सर आणि काकूंनाच बोलावलं होतं. सरांचा ताप उतरला होता, चेहरा ओढलेला. ते न्हाणीघरात जाऊन हातपाय धुऊन आले आणि पाटावर बसले. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील. मी वाढत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फक्त म्हणाले, “थोडं तूप.” काकूंची आईने ओटी भरली. त्यांना संधिवात होता, बोटं वाकडी झालेली, नारळ धरताना हात थरथरायचा. पंगती उठून सगळं आवरेपर्यंत दिवेलागण झाली, आणि तेव्हा मला खुंटी आठवली.

बाटलीत वाढ होती. रेघेच्या कडेला एक पांढुरकी पट्टी, पुसट, पण होती.

न्हाणीघराच्या गारव्यात ती वाढणारच. यीस्टच ते, त्याला तेच आवडतं. पण ती खुंटीवर वाढली की त्याआधी दिवसरात्र माझ्या पोटाच्या उबेला? हे आता देवालाही सांगता आलं नसतं. करायचं सोपं होतं. सरांकडे जायचं, काढली होती म्हणायचं, पुन्हा करायचं. मी गेले नाही. का गेले नाही हे मी इतक्या वर्षांत स्वतःला नीट सांगू शकलेले नाही. त्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर भरवसा टाकला होता, आणि तो मी दुसऱ्याच दिवशी खुंटीला टांगला, हे सांगायला जीभ उचलेना. वाढ दिसली म्हटल्यावर ते निसरपूरवालीला उकळतील, अशीही भीती वाटली. ते गाव, ती म्हातारी, तो डोक्याच्या वर गेलेला हात. मी बाटली उकळत्या पाण्यात टाकली. तिसऱ्या दिवशी वहीत लिहिलं. हिंदी शाळेत शिकलेली मी, वही हिंदीतच लिहायची. लिहिलं, ‘वृद्धि नहीं.’

सरांनी वही वाचली. बराच वेळ वाचली, दोनच शब्द होते तरी. संध्याकाळी किल्ली हातात घेऊन म्हणाले, “आज काही सांगायचं राहिलं?”

“नाही सर.”

त्यानंतर रोज तोच प्रश्न आणि रोज माझं तेच उत्तर. आधी तो प्रश्न मला कुलपाच्या आवाजासारखा नेहमीचा वाटायचा. आता दुपारपासूनच घड्याळाकडे बघत मी त्याची वाट बघायला लागले. कधी वाटे, आज सांगू. मग वाटे, काल का नाही सांगितलं, असं विचारलं तर? एक दिवस उशीर झाला की दुसरा दिवस दुप्पट अवघड होतो. दसरा झाला, दिवाळी झाली. सर तेव्हा फार गप्प असायचे. कुर्त्यावर जाड जाकीट घालून बसायचे, आणि मला वाटायचं, आजारपणाने खंगलेत.

कार्तिकात पटेलांच्या बागेतली संत्री तोडणीला आली. निम्म्या पेट्यांवर निसरपूरवाली फवारली, निम्म्या तशाच ठेवल्या. तीन आठवडे त्या आमच्या मागच्या खोलीत होत्या. पेट्या उघडल्या त्या दिवशी पटेल, सर, काकू आणि मी, चौघं तोंडाला फडकी बांधून उभे होतो. तशाच ठेवलेल्या पेट्यांत हिरवी भुकटी माजलेली. आमच्या पेट्यांतली संत्री काल तोडल्यासारखी. पटेल खाली बसले. म्हणाले, “साब, अब समझ में आ गी.” आणि सरांच्या पायाला हात लावला. मला आनंदाने नाचायला हवं होतं. पण आता ही फळं कुणीतरी खाणार होतं.

पहिलं फळ नेहमी सर स्वतः खायचे. तो त्यांचा दुसरा नियम. त्या दिवशी त्यांनी एक संत्रं सोललं आणि काकूंच्या हातात दिलं.

काकूंना तेव्हा संधिवातासाठी जबर गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी आमच्यासमोर सांगितलं होतं, ह्या गोळ्यांनी अंगातली झुंजायची ताकद कमी होते, ह्यांना साधी सर्दीही होऊ देऊ नका. अशक्त माणसाच्या रक्तात, हे सरांचे शब्द माझ्या कानात घणासारखे वाजत होते. काकूंनी वाकड्या बोटांनी फोड सुटी केली, तोंडाजवळ नेली आणि थांबल्या. माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, गोळ्यांमुळे मळमळतंय त्यांना. देवा, मळमळू दे, असं मी मनात म्हटलं. मग त्यांनी ती फोड खाल्ली. मग दुसरी. मग सगळं संत्रं.

संध्याकाळी सर म्हणाले, “आज काही सांगायचं राहिलं?”

“नाही सर.”

त्यानंतर काकू रोज एक संत्रं खायच्या, दुपारी उन्हात बसून. मी रोज त्यांच्या कपाळाला काही ना काही निमित्ताने हात लावायचे. कुंकू पुसलं गेलंय काकू, केस आलेत काकू. त्या हसायच्या. मी तुळजाभवानीच्या टेकडीवर अनवाणी चढून आले, चामुंडेला नारळ बोलले. घरी मला जेवण जाईना. आई म्हणाली, दृष्ट लागली असेल, आणि मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दृष्ट लागायला माझ्यात बघण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक.

आठ-दहा दिवसांनी सकाळी मी गेले तर प्रयोगशाळेला कुलूप. शेजारीण म्हणाली, “काकी को रात से तेज बुखार है, अस्पताल ले गए.”

मी रिक्षाने गेले की धावत, आठवत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात सर बाकावर बसले होते. मी त्यांच्या समोर जमिनीवरच बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. सोवळं, खुंटी, पांढरी पट्टी, उकळतं पाणी, वही. “डॉक्टरांना सांगा सर, रक्त तपासा म्हणावं, यीस्ट असेल, माझ्यामुळे असेल.” मी इतक्या मोठ्याने रडत होते की आतून नर्स बाहेर आली.

सर उठले. आत जाऊन डॉक्टरांशी बोलून आले. मग बाकावर बसून त्यांनी जाकिटाची बटणं काढली, कुर्त्यात हात घातला आणि नाडीची पिशवी बाहेर काढली. आतली बाटली माझ्या हातात दिली. रेघ कोरडी होती, तिच्या कडेला काही म्हणता काही उगवलेलं नव्हतं. बाटली त्यांच्या अंगाइतकी गरम होती.

“ही चौथी,” ते म्हणाले. “भाद्रपदातच नवी घातली, आणि तेव्हापासून अधूनमधून घालतोच आहे. निसरपूरवाली निर्दोष आहे. रक्त तपासतील, पण तुझ्या भीतीसारखं काही नाही निघणार.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“तुमच्याकडे हात धुवायला गेलो तेव्हा खुंटीवर बघितली.”

मला एकदम राग आला. रडता रडता राग आला. “मग बोलला का नाहीत सर?”

“मी रोज विचारत होतो,” ते म्हणाले.

मलेरिया निघाला. चार दिवसांत काकू घरी आल्या. सरांनी मला काढून टाकलं नाही, उपदेश केला नाही, वहीतलं ते पान माझ्याकडून खोडून घेऊन खाली खरं काय ते लिहायला लावलं, एवढंच. पुढे मी त्यांच्याकडे सहा वर्षं होते. ते गेले तेव्हा निसरपूरवाली माझ्याकडे आली, आणि आजही माझ्याकडे आहे. ते लिंबाचं झाड पाण्याखाली गेलं. पिशवीही आहे, नाडी दोनदा बदलली. त्या तीन महिन्यांत मला भीतीने पिंजून काढल्याबद्दल मी सरांवर अजून रागावलेली आहे, आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायचं राहिलं.

पण मला छळतं ते त्यांचं बोलणं नव्हे. काकू दवाखान्यातून आल्यावर मी भेटायला गेले होते. त्या उन्हात बसल्या होत्या, समोर संत्र्यांची बशी. मी पायाशी बसून माफी मागायला लागले तर म्हणाल्या, “पुरे गं. हे तर तुला तेव्हाच काढून टाकणार होते. मीच म्हटलं, थांबा. पहिलं संत्रं तिच्यासमोर मला द्या. फोड तोंडाशी नेईन, आणि ती माझा हात धरेल.”

मी बशीतली संत्री नीट लावायला लागले.

“थांबले होते मी, आठवतं? बराच वेळ थांबले.” त्यांनी वाकडी बोटं दुसऱ्या हाताने चोळली. “मग हात दुखायला लागला गं. तेव्हा खाल्ली.”